सांगितलं सरांनी, टाइप केलं तिनं

अन्याय झाला तो माझ्या वर्गमैत्रिणीवर. शहाऐंशी साली, पोळ्याच्या आदल्या दिवशी, दुपारच्या चहाआधी, आमच्या संस्थेच्या संगणक कक्षात, पाहुण्यांच्या देखत. कुणी विचारलं तर म्हणतात, 'तिच्या हातून प्रोग्रॅममध्ये चूक झाली होती.' खोटं आहे. मी शेजारच्या टर्मिनलवर बसलो होतो. मी लिहून देतो की खोटं आहे.

ती आणि मी एकाच वर्षी गणितात एम.एस्सी. झालो. ती काटोलकडची. घरी संत्र्याची बाग, वडिलांची एकच अट, 'शिकली तं नोकरी कर, घरी बसून राहू नको.' मी अजनीचा, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढलेला. कॉलेजात असताना मी पत्रकं लिहायचो: फीवाढ, वसतिगृहाचं जेवण, परीक्षेचे निकाल. पत्रक लिहिणाऱ्याला एक सवय लागते. कुणाचं नुकसान झालं आणि कुणी केलं, हे पहिल्या ओळीत यायला पाहिजे. सरकारी संस्थेत नोकरी लागली तरी माझी ती सवय गेली नाही.

आमच्या कक्षाचे प्रमुख म्हणजे सर. परदेशात दोन उन्हाळे काढून आलेले, येताना लिस्प नावाच्या संगणकी भाषेची टेप घेऊन आलेले. नागपुरात तेव्हा बहुतेकांनी ही भाषा ऐकलेलीही नव्हती. काम असं ठरलं: कळमेश्वरच्या एका कारखान्याच्या बॉयलरमध्ये बिघाड झाला की मशीनला लक्षण सांगायचं आणि मशीननं संभाव्य कारणं सांगायची. धूर काळा येतो? मग कारणं ही. पाण्याची पातळी घसरते? मग ही. कारखान्याच्या लोकांना पसंत पडलं तर काम पुढे चालणार आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची हंगामी जागा कायम होणार. प्रोग्रॅम लिहिणारी होती ती. तिच्यासाठी एवढंच पणाला लागलं होतं आणि तेवढं पुरे होतं. जागा गेली की काटोल, आणि काटोलला तिला बघायला स्थळाकडचे लोक येऊन बसलेलेच होते.

आता लिस्पबद्दल. ज्यांनी ही भाषा कधी पाहिली नाही त्यांना वाटतं, तिचा त्रास कंसांचा. उघडा कंस, बंद कंस, कंसात कंस, शेवटी तर नुसत्या बंद कंसांची रांग. हे खरं आहे, पण हा खरा त्रास नव्हे. खरा त्रास हा, की काहीही बिघडलं की प्रत्येक शहाणा माणूस म्हणतो, 'कंस मोजा.' उत्तर चुकलं, कंस मोजा. मशीन थांबलं, कंस मोजा. आमच्याकडे तर शिपाईसुद्धा चहा ठेवताना विचारायचा, "म्याडम, कंस सुटला का?" ती वैतागून म्हणायची, "नाही भाऊ, माझं डोकं सुटलं."

दुसरा त्रास झाडूचा. लिस्प बोलता बोलता मेमरी खाते. मेमरी भरली की मशीन सगळं काम टाकून, निरुपयोगी झालेला माल झाडून काढायला बसतं. तोवर तुम्ही टर्मिनलसमोर हात बांधून बसा. इंग्रजीतल्या त्याच्या नावाचा अर्थही कचरा गोळा करणं असाच आहे, त्यामुळे निदान नावात तरी फसवणूक नाही. आमचं मशीन लहान, टर्मिनलं चार, मेमरी चिमूटभर. म्हणून सरांनी शिस्त घालून दिली होती: आपली पाळी संपली की लिस्प बंद करूनच उठायचं. पुढच्यानं नव्यानं सुरू करायचं, प्रोग्रॅम नव्यानं चढवायचा. चढवण्यातच अर्धी पाळी जायची. मग एक प्रश्न विचारायचा, उत्तर बरोबर आलं की बंद करायचं, बाहेर जाऊन चपला घालायच्या. (धूळ जाऊ नये म्हणून चपला दाराबाहेर. एअरकंडिशनरच्या गारठ्यात पावलं बधिर व्हायची आणि बाहेर ऊन असं की पायरीवर पाऊल ठेववत नसे.)

हे लक्षात ठेवा: प्रत्येकाच्या पाळीत एकच प्रश्न. कुणीही, कधीही, एका बैठकीत दुसरा प्रश्न विचारत नव्हतं. विचारायला वेळच नव्हता.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यामुळे माझं डोकं आजही तापतं. सर कीबोर्डला हात लावत नसत. त्यांना येत नव्हतं असं नाही. पण टाइप करणं हे खालचं काम, अशी आपल्याकडे समजूत आहे. साहेब बोलणार, लघुलेखक लिहिणार. तीच कचेरी उचलून सरांनी संगणक कक्षात आणून ठेवली होती. ते मागे उभे राहायचे, हात पाठीशी, आणि सांगायचे. ती टाइप करायची. फाईल तिच्या खात्यावर, बदल तिच्या नावावर, बोटं तिची. डोकं कुणाचं, हे मशीनला कळत नाही.

पाहुणे यायच्या आदल्या संध्याकाळी सर तिच्या मागे येऊन उभे राहिले.

"हे उत्तर देताना मध्येच थांबतं ना? उद्या पाहुण्यांसमोर मशीन झाडू मारायला बसलं तर माझी शोभा होईल. जिथे जिथे अपेंड आहे तिथे एनकॉन्क कर."

अपेंड आणि एनकॉन्क, दोन्ही लिस्पमधल्या एका यादीला दुसरी जोडायच्या आज्ञा. ती म्हणाली, "सर, एनकॉन्क मूळ यादीच बदलून टाकते ना?"

"बदलू दे. मेमरी वाचते."

"पण सर, एक यादी तर आपण प्रोग्रॅममध्येच कोट करून, तयार लिहून ठेवली आहे..."

"मॅन्युअल मी वाचलंय. तू टाइप कर."

तिनं टाइप केलं. मग सरांच्या समोरच एक प्रश्न विचारून पाहिला. काळा धूर. उत्तर झटकन आलं, झाडूबिडू काही नाही. सर खूश. "बघ," म्हणाले, "याला म्हणतात अनुभव." तिनं शिस्तीप्रमाणे लिस्प बंद केलं. बाहेर चपला घालताना मला म्हणाली, "मले काही हे पटून नाही राहिलं गा." मी म्हटलं, "मग सांग ना त्याले." ती म्हणाली, "सांगितलं ना. तुझ्या समोर सांगितलं."

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. कारखान्याचे मॅनेजर आणि त्यांच्या बॉयलर विभागाचे साहेब, गोल चेहऱ्याचा, सतत पान चघळणारा गमत्या माणूस. चपला काढायला सांगितल्यावर म्हणाला, "देवळात आलो का काय?" त्यांना दाखवायला सरांनी कागदावर छापणारं टर्मिनल लावलं होतं. उत्तरं इंग्रजीत छापून यायची, मी मराठीत सांगतो. आणि उशीर नको म्हणून प्रोग्रॅम आधीच चढवून ठेवलेला.

पहिला प्रश्न, धूर काळा. मशीन छापतं: कारणं अशी, हवा कमी, कोळसा ओला, जाळी तुंबली. मॅनेजरनं मान डोलावली. सर हसले.

बॉयलरचे साहेब पुढे झुकले. "आता पाणी विचारा. पातळी खाली जाऊन राहिली तं?"

तिनं टाइप केलं. मशीननं छापलं: कारणं अशी, हवा कमी, कोळसा ओला, जाळी तुंबली, पंप बंद, नळी गळकी, झडप अडकली.

साहेबांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "मी पाण्याचं विचारून राहिलो, हा मले धूर काहून सांगून राहिला? कोळसा ओला म्हून पाणी कमी?" आणि आपल्याच विनोदावर हसले. "ओला कोळसा पाणी पिऊन राहिला वाटते!"

सरांचा चेहरा उतरला. "मशीन जरा गोंधळलं. पहिला प्रश्न परत विचार."

तिनं विचारला. आणि मशीन छापायला लागलं. हवा कमी, कोळसा ओला, जाळी तुंबली, पंप बंद, नळी गळकी, झडप अडकली, हवा कमी, कोळसा ओला, जाळी तुंबली, पंप बंद... थांबेना. कागदाची घडी उलगडत टेबलावरून खाली, टेबलाखालून मॅनेजरच्या मोज्यांपर्यंत. एअरकंडिशनरच्या आवाजात ते टकटक टकटक. शेवटी ऑपरेटरनं टर्मिनलचं बटन बंद केलं. बॉयलरचे साहेब पान सांभाळत म्हणाले, "सारेच रोग सांगितले यानं. आता बॉयलर विकूनच टाका." मॅनेजर हसले नाहीत.

सर वळून तिला म्हणाले, सगळ्यांसमोर, "तू काल संध्याकाळी काय टाइप केलंस?"

मी उभा राहिलो. "सर, ते तुम्हीच सांगितलं होतं."

"पाहुण्यांसमोर वाद नको," सर म्हणाले. मग तिच्याकडे बघून, अगदी शांतपणे, "कंस मोजले होतेस का? नाही ना? सुट्टी संपली की तू खाली एंट्रीला बस. तिथं कंस नसतात."

'खाली एंट्री' म्हणजे तळमजल्यावरचा विभाग. तिथं लोक दिवसभर अर्जांतले आकडे मशीनमध्ये भरत बसत. गणितातली एम.एस्सी. तिथं पाठवली. आणि कायम व्हायची तिची जागा राहिली हवेत.

पोळ्याची सुट्टी. दुसऱ्या दिवशी महालात मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक. सगळं शहर रोगराई घेऊन जा म्हणून ओरडत रस्त्यावर, आणि मी धरमपेठेतल्या तिच्या मावशीच्या घरी, ओसरीवर पत्रकाचा मसुदा घेऊन बसलेलो. तिचा मुक्काम तिथेच असायचा. मी मसुदा वाचून दाखवला: 'संगणक कक्षातील हुकूमशाहीचा धिक्कार असो!'

ती म्हणाली, "तुझं हे नेहमीचंच आहे गा. धिक्कार असो, निषेध असो. कोणी विचारलं, का बिघडलं, तं काय सांगशील?"

"एनकॉन्कनं बिघडलं."

"तेच मी म्हणून राहिले, पण कसं बिघडलं? आदल्या संध्याकाळी तेच एनकॉन्क होतं. बरोबर चाललं. पाहुण्यांसमोरही तेच. पहिला प्रश्न बरोबर. मग दुसरा काहून चुकला? आणि तिसऱ्याले चक्क गोल फिरलं. तू सांग, मी ऐकते."

मावशी आतून पुरणपोळी घेऊन आल्या. "काय गं, अजून तुमचं तेच? सणाच्या दिवशी तरी!"

"मावशी, तुमची भाची डाकू नाही, हे सिद्ध करून राहिलो," मी म्हटलं.

"ते मला ठाऊक आहे. तुमच्या साहेबाला सांगा."

कसं बिघडलं, हे मला शेवटी अजनीच्या यार्डानं सांगितलं. लहानपणी वडिलांचा डबा घेऊन मी तिथं जायचो आणि डबे जोडण्या-सोडण्याचं शंटिंग बघत उभा राहायचो. लिस्पमधली यादी म्हणजे मालगाडी. प्रत्येक डब्याला फक्त त्याच्या मागचा डबा ठाऊक. अपेंड सांगितलं की मशीन पहिल्या गाडीचे हुबेहूब नवे डबे बनवतं आणि दुसरी गाडी त्या नव्या डब्यांमागे जोडतं. जुनी गाडी आपल्या रुळावर जशीच्या तशी. डबे जास्त लागतात, म्हणून मेमरी जास्त जाते. एनकॉन्क नवा डबा बनवतच नाही. उभ्या गाडीच्या शेवटच्या डब्याला सरळ आकडा घालतं. मेमरी वाचली, पण ती उभी गाडी आता पहिली राहिली नाही. तिच्यामागे दुसरी लटकली ती लटकलीच.

मी हे बोलत होतो आणि ती ताटलीकडे बघत होती. मग एकदम म्हणाली, "थांब. आपला मथळा. 'कारणं अशी.' तो मी कोट करून ठेवला आहे. प्रोग्रॅम चढवला की तो एकदाच बनते, आणि लिस्प बंद होईपर्यंत तोच वापरते. हे तुझं इंजिन. पहिल्या प्रश्नाले याच्यामागे धुराचे डबे लागले. ते कोणी सोडवलेच नाहीत. दुसऱ्या प्रश्नाले पाण्याचे डबे धुराच्या मागे."

"आणि तिसऱ्याले परत धूर विचारला..."

"तं शेवटच्या डब्याले धुराचा पहिला डबा जोडला. तो तर गाडीतच होता गा! झालं वर्तुळ. आता छापत बस म्हणा जन्मभर."

इतकी सोपी गोष्ट. आदल्या संध्याकाळी कुणाच्याच नजरेस का आली नाही? कारण आपली पाळी संपली की लिस्प बंद करून उठायचं. बंद केलं की इंजिन शेडमध्ये, सगळे डबे सुटले, पुढच्याला नवं कोरं इंजिन. शिस्तीमुळे चूक झाकली गेली, आणि त्या शिस्तीचं श्रेय सर घेत होते! ती हसायला लागली. मला हसू आलं नाही. मी मसुदा फाडला नाही, पण घडी घालून खिशात ठेवला.

सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी आम्ही दोघं सरांच्या खोलीत गेलो. मी म्हटलं, "सर, या, दाखवतो. तुम्ही बसा टर्मिनलवर."

"मी कशाला? तू टाइप कर," ते म्हणाले आणि हात पाठीशी बांधून माझ्या मागे उभे राहिले.

मी टाइप केलं. धूर, मग पाणी. तेच पुन्हा, ओला कोळसा पाणी पितो. मग मथळ्याच्या त्या एका ओळीत एनकॉन्कचं अपेंड केलं, प्रोग्रॅम पुन्हा चढवला. धूर बरोबर. पाणी बरोबर. परत धूर, बरोबर. परत पाणी, बरोबर. मध्ये मशीन एकदा झाडू मारायला थांबलं, तेवढंच. ती खालून वर आली होती, अजून हातात तळमजल्याची पेन्सिल.

सर म्हणाले, "अच्छा. मथळ्याची यादी. छान, सापडलं." आणि निघाले.

"सर," मी म्हटलं, "मग ही वर येणार ना?"

"हे बघ, एनकॉन्क चुकीचं नाही. बाकी ठिकाणी चालतं. कुठं वापरायचं आणि कुठं नाही, हे टाइप करणाऱ्याला कळायला नको?"

ती म्हणाली, "सर, मी विचारलं होतं तुम्हाला. यादी कोट केलेली आहे म्हणून."

"विचारलं होतंस. पण मग टाइप केलंस ना?"

हे उत्तर मी कितीतरी वेळा मनात फिरवून पाहिलं आहे. नाही केलं असतं तर ऐकत नाही म्हणून खाली. केलं तर केलं म्हणून खाली. सांगणाऱ्यानं फक्त सांगितलं, त्यामुळे तो कधीच खाली जात नाही.

महिन्याभरानं पाहुण्यांना पुन्हा बोलावलं. टर्मिनलवर दुसऱ्या एका सहकाऱ्याला बसवलं होतं. प्रोग्रॅम तिचा, अपेंडची दुरुस्ती तिची. सगळे प्रश्न, उलटे, सुलटे, परत परत विचारले. मशीन एकदाही चुकलं नाही. बॉयलरचे साहेब खूश होऊन म्हणाले, "आता कोळशानं पाणी पेणं सोडलं वाटते." मग इकडेतिकडे बघत, "त्या बाई कुठं गेल्या? त्या दिवशी होत्या त्या?"

सर म्हणाले, "त्या दुसऱ्या विभागात आहेत आता." जसं काही तिची बढती झाली.

काम पुढे चाललं. जागा कायम झाली, टर्मिनलवर बसलेल्या सहकाऱ्याची. तो वाईट माणूस नाही. त्यानंच मला सांगितलं, "तिचा प्रोग्रॅम वाचून शिकलो मी लिस्प." मी म्हटलं, "मग हे सरांना सांग ना." तो म्हणाला, "मले काहून मध्ये टाकून राहिला?"

ती अजून तळमजल्यावर आहे. अर्जांतले आकडे भरते. काटोलहून वडील येतात तेव्हा त्यांना म्हणते, मशीनवर आहे. खोटं नाही ते. एकदा मी खाली गेलो तेव्हा म्हणाली, "इथं निदान कोणी मागे उभं राहून सांगत नाही गा." तिचा आवाज साधा होता आणि मला ते सहन झालं नाही. खिशातल्या मसुद्यातल्या सगळ्या घोषणा मी खोडल्या. घडलं तसं लिहायला बसलो, आणि ते हे.

वाचणाऱ्याला 'बिचारी' म्हणायला सांगत नाही. बिचारी म्हणणारे आमच्या कक्षातही पुष्कळ होते. तुमच्याही कचेरीत कुणी मागे उभं राहून सांगतं आणि कुणी समोर बसून करतं. उद्या काही बिघडेल आणि करणाऱ्याकडे बोट दाखवलं जाईल. त्या वेळी कंस मोजू नका. उभे राहा आणि सगळ्यांच्या देखत, मोठ्या आवाजात विचारा, 'हे करायला सांगितलं कुणी?' सांगणारा स्वतःच्या तोंडानं 'मी' म्हणेपर्यंत खाली बसू नका, आणि खाली पाठवलेल्या माणसाला परत वर आणल्याशिवाय घरी जाऊ नका.